धूर की लोरेटा

बरणीतली व्हिनेगरमध्ये मुरवलेली शेवटची तीन अंडी लोरेटाने बशीत काढली. बरणी धुतली, पुसून कोरडी केली आणि काउंटरच्या मधोमध ठेवली.

"वास राहिला असेल," नेहमीची गिऱ्हाईक मार्ज म्हणाली.

"मतांना नाक नसतं," तिच्या शेजारच्या स्टुलावरचा रूडी म्हणाला.

रविवारचे दोन वाजत आले होते. चर्चमधून माणसं थेट एमिल सोर्वालाच्या बारमध्ये आली होती. बाहेर गुडघाभर बर्फ, आत धूर. एमिल आणि लोरेटा धरून एकोणीस जण होते.

एमिलने काउंटरवर ग्लास आपटला. "पुन्हा एकदा सांगतो. एक तारखेपासून नव्या कायद्याने जिथे पगारी माणूस कामाला आहे, तिथे सिगारेट बंद. बार असो नाहीतर खाणावळ. पण सभासदांचा क्लब असेल आणि पगारी माणूस एकही नसेल, तर ओढा काय ओढायचं ते. क्लब केला तर ज्याने त्याने आपला ग्लास आपण भरायचा, आपण धुवायचा."

"आणि लोरेटा?" कोणीतरी विचारलं. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"लोरेटाला जावं लागेल."

लोरेटा ग्लास पुसत होती. पुसतच राहिली.

सव्वीस वर्षं ती इथे कामाला होती. एमिलची बायको आयलीन गेली त्याच्या आदल्या दिवशी लोरेटाने तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता, की मी होऊन एमिलला सोडून जाणार नाही. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तिने एक शुक्रवार चुकवला नव्हता. शुक्रवारी तळलेल्या माशासाठी अर्धं गाव यायचं. खोकल्याची उबळ आली की ती मागच्या दाराबाहेर जाऊन खोकून यायची, गिऱ्हाइकाला वाईट वाटायला नको म्हणून.

गेल्या आठवड्यात तिने एमिलला तीनदा विचारलं होतं, "क्लब झालाच, तर माझा शेवटचा दिवस कुठला?" तिसऱ्या वेळी तिचा आवाज कापत होता. एमिलला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"पण सरकारला काय करायचंय म्हणतो मी," रूडी म्हणाला. "तीस वर्षं खाणीत धूळ खाल्ली, तेव्हा कोणी माझ्या छातीची चौकशी केली नाही. आता माझ्याच पैशाची सिगारेट यांच्या डोळ्यांत खुपते."

"तुझ्या छातीची कोणाला पडलीय रे? तिच्या छातीचं म्हणतायत," मार्ज म्हणाली. तिच्याही बोटांत सिगारेट होतीच. "तू विकत घेऊन ओढतोस. ती फुकटात ओढते."

"मग क्लबच बरा. तीही सुटेल, आपणही सुटू."

"सुटेल म्हणजे? साठीला टेकलेल्या बाईने या गावात दुसरं काम कुठलं धरायचं? बर्फ उपसायचा?"

रूडीने सिगारेटची राख झटकली.

"तू सोडशील का पण?" एकाने त्याला डिवचलं.

"सोडून बघितलीय. ईस्टरच्या आधीच्या उपासात. चौथ्या दिवशी बायकोच पाकीट घेऊन आली. म्हणाली, ओढ बाबा, पण तोंड बंद ठेव."

सगळे हसले. लोरेटाही हसली.

"लोरेटा, तुला काही बोलायचंय?" एमिलने विचारलं.

"मी काय बोलू?" तिने फडक्याची घडी केली. "एवढंच सांगते, माझ्याकडे बघून कोणी मत देऊ नका. खरंच सांगते."

"ऐका," मार्ज म्हणाली आणि तिने डोळे टिपले. "अशी बाई शोधून सापडायची नाही."

एमिलने चिठ्ठ्या वाटल्या. "धूर हवा त्याने फुली मारायची. लोरेटा हवी त्याने कोरी टाकायची. नाव घालायचं नाही. एकेकाने आतल्या खोलीत जाऊन यायचं. लोरेटा, ही तुझी."

"तिला कशाला?" रूडी म्हणाला. "तिची कोरीच असणार."

"सव्वीस वर्षं झाली. तिचा हक्क आहे."

सगळे जाऊन आले. बरणी भरली. एमिल एकेक घडी उलगडू लागला.

"कोरी." "कोरी." "कोरी."

सातव्या चिठ्ठीला तो थांबला. "नीट समजलंय ना सगळ्यांना? कोरी म्हणजे सिगारेट बंद."

"समजलंय," रूडी खेकसला. "वाच पुढे."

आणखी सहा कोऱ्या निघाल्या. मग एमिल हळूच म्हणाला, "फुली."

सगळ्या माना रूडीकडे वळल्या. तो कानापर्यंत लाल झाला. "आईशप्पथ मी नाही! मी इतका कोडगा वाटतो तुम्हाला?"

पुढच्या पाचही कोऱ्या होत्या.

"अठरा कोऱ्या, एक फुली." एमिलने जाहीर केलं. "लोरेटा राहणार."

टाळ्या झाल्या. मार्जने लोरेटाला कवेत घेतलं. लोरेटाला रडू आवरेना. "पुरे गं, पुरे," मार्ज तिच्या पाठीवर थोपटत राहिली. "तो एक मेला कोण ते कळू दे मला, त्याच्या ताटात मासा कसा येतो बघते."

रूडीने अर्धी सिगारेट विझवली आणि उरलेलं पाकीट मुठीत चुरगळलं. "झालं समाधान, राणीसरकार? आता बिअर तरी आण."

लोरेटाने डोळे पुसले, त्याला बिअर दिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. दर रविवारी तीनच्या ठोक्याला ॲरिझोनाहून तिच्या बहिणीचा, एडिथचा फोन यायचा. लोरेटा आत गेली. मागे तिने दार लोटून घेतलं.

"झालं का गं मतदान?" एडिथने विचारलं. "खोली कधीची झाडून ठेवलीय मी. कधी येतेस?"

लोरेटाने लोटलेल्या दाराकडे बघितलं. बाहेर तिच्या नावाने कोणीतरी ग्लास उंचावत होतं.

"एकच फुली पडली, एडिथ," ती म्हणाली. "माझी."