जपानच कशाला?

संघदीपने जपानच्या इतिहासात पीएचडी केली होती. प्राध्यापकपदाच्या प्रत्येक मुलाखतीत त्याला एकच विचारायचे, "जपानच कशाला? तुमच्या समाजावर का नाही केलं?" जपान आवडला, एवढंच त्याचं उत्तर. ते कुणाला पुरायचं नाही, आणि तो आपल्या गावी, मानोऱ्याला परत यायचा.

यंदा टोकियोच्या एक प्राध्यापिका मानोऱ्यात आल्या. त्यांचा विषय होता विदर्भातले बौद्ध. दुभाषी म्हणून त्यांनी संघदीपलाच धरलं. पहिली मुलाखत त्याच्या आईची. लिलाबाईंनी सासऱ्याच्या धम्मदीक्षेपासून सगळं सांगितलं आणि चहाचा कप पुढे सरकवला.

"बाई, आता मी इचारू? तुमच्या गावाले मानसं नाई काय? आमच्यावर लिवाले काहून आल्या?"

संघदीप आईला म्हणाला, "माय, असं नाई इचारत कोनाले."

"काहून? तुले तं सारेच इचारतात."

मग त्याने शब्दन् शब्द जपानीत सांगितला. बाई मोकळेपणाने हसल्या. म्हणाल्या, "मला हे आजवर कुणीच विचारलं नाही."

"काय म्हनून राह्यल्या?" लिलाबाईंनी विचारलं.

तासभर न अडखळता बोलणाऱ्या संघदीपला तेवढं एक वाक्य काही केल्या सांगता येईना.