रोज सहाचा निरोप

कुंभकोणमच्या टेलिफोन केंद्रात माझ्याकडे एक यंत्र होतं. तारेवरून संदेशाचे तुकडे कधी लवकर, कधी उशिरा येत. ते क्षणभर साठवून यंत्र एकसारख्या अंतराने पुढे सोडी.

माझी बायको पंकजा इस्पितळातून, दम पुरेल तसे, आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी मोबाइलवर निरोप बोलून मला पाठवी. कधी दिवसात पाच, कधी दोन दिवस एकही नाही. आईंना तिचा आजार कळू नये म्हणून मी ते साठवून रोज संध्याकाळी सहाला एकच पाठवायचो.

पंकजा गेल्याचंही त्यांना कुणी सांगितलं नाही. उरलेले निरोप मी न ऐकता पाठवत राहिलो.

आज शेवटचा होता, म्हणून आधी ऐकला.



"अम्मा, हे ऐकशील तेव्हा मला जाऊन महिना झाला असेल. ह्यांना रागावू नको, ह्यांना सगळं थोडं थोडंच सोडता येतं."