आईच्या माहेरचा बाण

"भूगोल शिकनारी पोरगी दूर द्याले कायले भेता, भाऊजी? दुनिया पाहीन ते!" जगदेवमामा ओसरीवर चहा पीत सांगत होता. "पार दिल्लीच्या पल्याडचं स्थळ हाय. शेत हाय, ट्रॅक्टर हाय, अन् लग्नाचा सारा खर्च पोराकडचा. तुमी निसतं हो म्हना."

आत स्वयंपाकघरात वर्षाराणीच्या हातातली पेन्सिल थांबली. उद्या वाशिमकडच्या मालेगावच्या कॉलेजात तिचं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं, मानवी भूगोलाचं. आणि बाहेर तिलाच कुठे पाठवायचं ते ठरत होतं. तिला विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. शेलूबाजारच्या मामाचा शब्द या घरात शेवटचा असायचा. तो आईचा एकुलता एक भाऊ. आईचं सगळं माहेर म्हणजे तो एकटाच. आईबाप लहानपणीच गेले, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. दर भाऊबीजेला मामा इथे मेडशीला यायचा, आई त्याला ओवाळायची. बाबा एरवी कुणापुढे वाकणारे नव्हते, पण मामाशी जरा दबूनच बोलायचे. मेव्हण्याचा मान, असं वर्षाराणीला वाटायचं.

फरशीवर दोन नकाशे पसरले होते, एक वाशिम जिल्ह्याचा, एक भारताचा. गल्लीतल्या माणसांचं स्थलांतर दाखवायचं होतं. जिथून निघाला तिथून जिथे पोचला तिथपर्यंत एक बाण. वर्षाराणीने पुण्याच्या कंपन्यांत गेलेल्या पोरांचे बाण काढून नेले, तेव्हा कॉलेजातल्या मॅडम हसल्या होत्या. "आणि बायका? लग्न होऊन आलेली प्रत्येक बाई स्थलांतरितच असते. आणि हो, घरबसल्या काही लिहू नकोस. प्रत्येकीला विचार."

मग ती दारोदार फिरली. तिने भूगोल घेतला तेव्हा 'आता काय नद्या मोजत फिरनार काय वं?' म्हणून तिची टर उडवणाऱ्या बायका जन्मगावाचं नाव काढताच खुलल्या. शेजारची उज्ज्वलाकाकू तर माहेरच्या विहिरीपासून जी सुरू झाली ती थांबेचना. रिसोड, मानोरा, मंगरूळपीर. सगळ्यांचे बाण इवलेसे, जिल्ह्याच्या नकाशात मावणारे. आईचा बाण वर्षाराणीने सगळ्यांत आधी आखून टाकला होता, शेलूबाजार ते मेडशी. घरच्या माणसाला काय विचारायचं?

आता मात्र तिला आईचा भयंकर राग आला होता. एम.ए.ला अमरावतीला जायचं हे दोघींचं ठरलं होतं. बाबांशी मी बोलते, असं आई स्वतः म्हणाली होती. आणि आज भाऊ येऊन बसताच तिची वाचा बसली. तव्यावरची पोळी करपून धूर निघायला लागला तरी तिला शुद्ध नव्हती.

"साऱ्या गल्लीले इचारलं, तू तेवढी राह्यली," वर्षाराणी फणकारली. "तुह्यं जन्मगाव शेलूबाजारच ना? का तेबी मामालेच इचारून येऊ?"

आईने गॅस बंद केला. पिठाच्या हातानेच ती खाली बसली. जिल्ह्याच्या नकाशाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. भारताचा नकाशा तिने आपल्याकडे ओढला.

"याच्यात जगन्नाथपुरी कुठी हाय?"

वर्षाराणीला काही कळेना. तिने बोट ठेवलं. वाशिमपासून पार उजवीकडे, समुद्राच्या काठाला.

"त्याच्या अलीकडं. डोंगरात," आई म्हणाली. "माहा बाप पुरीच्या रथाले पायी जाये. तिथून आनलं मले. तिथली बोली वेगळी हाय. आता मलेबी धड येत नाही."

वर्षाराणीचं बोट नकाशावर तसंच राहिलं. तिथून इथपर्यंत अख्खा मध्य भारत आडवा पडला होता. आई कमी बोलते, तिचा स्वभावच तसा, असं ती जन्मभर धरून चालली होती. बोलायला शब्दच नव्हते तेव्हा ही बाई या घरात कशी राहिली असेल? आणि हे आपल्याला इतक्या वर्षांत कधी विचारावंसंसुद्धा वाटलं नाही?

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"कोनी इचारलंच नाही, बाई."

"पन मंग मामा..." वर्षाराणीने ओसरीकडे पाहिलं. "मामा तुहा कोन?"

बाहेर बाबांचा आवाज आला, "तुमी म्हनता तर मंग तारीखच धरू." आई उठली. पदराला हात पुसत ती सरळ ओसरीवर गेली. वर्षाराणी तिच्या मागे दारापर्यंत धावली.

"जगदेव," आई म्हणाली.

आजवर ती त्याला दादा म्हणत आली होती. मामाच्या हातातली कपबशी तशीच राहिली. बाबांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दारातल्या लेकीकडे, आणि मान खाली घातली.

"काय झालं, बाई?" मामा हसायला गेला.

"मले आनाले आला तवा माह्या बापाजवळबी तू असाच गोड बोलत बसला होता," आई म्हणाली. "तवापासून मले माहा बाप दिसला नाही."