दोन अंगठे खोल

"दोन अंगठे," जिल्ह्याहून आलेला अधिकारी वहीवर पेन्सिल आपटत म्हणाला. "पक्षाच्या पेपरात स्पष्ट छापलंय. मानेत दोन अंगठे खोल सुई घातली की बहिरी मुलं ऐकू लागतात. आणि तू एकावरच अडून बसलीस?"

सुछिनने सुई पोरीच्या मानेपासून दूरच धरली. खळ्यावर अख्खं गाव जमलं होतं. समोर स्टुलावर जन्मापासून बहिरी असलेली सात वर्षांची श्याओमान बसली होती. केस वर बांधून तिची मान उघडी केली होती. पाठीच्या कण्यातून वर चढणारी प्राणवाहिनी कवटीखाली जिथे शिरते, त्या खोलगट जागेला वैद्य 'मुक्याचं दार' म्हणतात. सुछिनला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वैद्यांनी तिचं बोट तिथे ठेवून एकच गोष्ट सांगितली होती, "सुई एका अंगठ्याच्या रुंदीएवढी आत गेली की थांबायचं. त्यापुढे श्वासाचं घर आहे, तिथे सुई लागली की श्वासच बंद."

सुछिन एकोणीस वर्षांची. गावची अनवाणी डॉक्टर, म्हणजे थोडंफार शिकवून गावातूनच नेमलेली. सकाळी भाताच्या चिखलात, दुपारी सुयांच्या डबीपाशी.

"पोर लहान आहे, कॉम्रेड..."

"घाबरलीस?" अधिकाऱ्याचा आवाज एकदम मऊ झाला. "की पेपरावर विश्वास नाही?"

असल्याच एका प्रश्नाला गेल्या वर्षी शाळेच्या मास्तरांनी चुकीचं उत्तर दिलं होतं. त्यांच्या घराला अजून कुलूप होतं.

सुछिनने गटप्रमुख लुओंकडे पाहिलं. हिवाळाभर ती गावाला सुया टोचायला शिकवायची, तेव्हा ते तिच्या वर्गात पहिल्या रांगेत बसायचे. माप ज्याचं अंग त्याच्याच अंगठ्याचं, हा पहिला धडा तिने सगळ्या गावाकडून घोकून घेतला होता. तेव्हा वेनआजी ओरडली होती, "लुओ, तुझ्या त्या रेड्याच्या अंगठ्याने मोजून मला टोचलंस, तर सुई पोटातून बाहेर येईल रे!" लुओच सगळ्यात जास्त हसले होते.

आज ते हसले नाहीत. "ऐकू येत नाही का, पोरी?" ते खेकसले. "दोन म्हणजे दोन!"

सुछिनने श्याओमानचा अंगठा चिमटीत धरला. याचे दोन, म्हणजे सरळ श्वासाच्या घरात.

इतका वेळ अधिकाऱ्याच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारी श्याओमानची आई पुढे आली. तिने वळून पाठीवरचं झोपलेलं तान्हं सुछिनपुढे केलं.

"ही काही हात स्थिर ठेवत नाही, डॉक्टर. याचा घ्या. सख्खा भाऊच आहे."

दीड महिन्याचं बाळ. झोपेत मूठ उघडी पडलेली. अंगठा शेंगदाण्याएवढाही नाही. त्याचे दोन मिळून श्याओमानचा एक होत नव्हता.

"काय चाललंय हे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"माप घेतेय, कॉम्रेड." सुछिनला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "अंगठ्याच्या रुंदीने."

तिने बाळाचा अंगठा सुईला दोनदा लावला आणि तिथेच चिमूट धरली. आता तिला मुक्याच्या दाराची नाही, समोरच्या माणसांची भीती वाटत होती. खरं माप इथे प्रत्येकाला ठाऊक होतं. एकाने तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं.

सुई आत गेली. श्याओमान दचकली. तिचा श्वास अडकला. सुछिनचाही.

मग पोरीने श्वास सोडला. परत घेतला.

"दोन," सुछिन मोठ्याने म्हणाली.

अधिकारी वाकला. सुईचा बाहेर उरलेला भाग त्याने बराच वेळ न्याहाळला. मग तो गर्दीकडे वळला. "मला हे कमी वाटतंय. इथे कुणाला अंगठ्याचं माप कळतं?"

सुछिनने डोळे मिटून घेतले.

"छे, कॉम्रेड," गटप्रमुख लुओंचा आवाज आला. "आम्हा चिखल तुडवणाऱ्यांना कसलं कळतंय! हिने दोन म्हटलं, म्हणजे दोन."

तिने डोळे उघडले. लुओंनी दोन्ही अंगठे मुठीत घट्ट दडवले होते. त्यांच्यामागे वेनआजीनेही. त्या सबंध खळ्यावर एकही अंगठा दिसत नव्हता.