खंडेनवमीचा पापुद्रा
खंडेनवमीच्या सकाळी शुभांगी अंबडच्या वर्कशॉपमध्ये शिरली आणि दारातच थबकली. लेथपासून पान्यांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं, फिटर गोटीरामकाकांच्या मळ्यातला झेंडू वाहिला होता. आणि तिच्या टेबलावर चौकटीत ताणलेला तो पापुद्रा उघडाच होता! मृदू क्ष-किरणांच्या झोताचे दोन वाटे करणारा, एक प्रयोगाला, एक मोजमापाला. केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ, नुसत्या फुंकरीनंही फाटेल असा. काल झाकण लावायचं तीच विसरली होती. “काका, याचीपण पूजा केली?” “केली की.” तिनं वाकून पाहिलं. पापुद्रा अखंड होता. कुंकवाचं बोट टेबलाच्या पायाला होतं. “ताई, हा मला दाखवताना तुम्ही श्वास धरला होता ना?” काका म्हणाले. “म्हणून मीबी धरला. उदबत्तीबी बाहेरच लावली.” शुभांगीनं आधी तोंड बाजूला वळवलं आणि मगच कोंडलेला श्वास सोडला.