राजारामकाकांचा नेम

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, जागा पुष्कळ आहे. टाळ नाही, मृदंग नाही, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एका म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाची.

राजारामकाका दुकानाच्या काउंटरपाशी पिस्तूल हातात घेऊन उभे होते. शेजारी नेत्रा होती. पुण्याहून अमेरिकेत मास्टर्स करायला आलेली, आणि काकांच्या मुलाच्या, प्रसादच्या, एअरसॉफ्ट टीममधली.

"काका, ते ठेवा खाली. पहिलं घेताय ना? मग दिसायला भारी नको, हाताला बसेल ते घ्या."

काकांनी दुसरं उचललं. मग तिसरं. तिसऱ्यावर बोटं आपोआप जागच्या जागी बसली.

"हे."

"हे गॅसचं आहे. स्प्रिंगचं घेतलंत तर दर गोळीला मागे ओढत बसावं लागतं. हे भराभर सुटतं, पण थंडीत रुसतं. गॅस मुठीत बसणाऱ्या या मॅगझिनमध्ये भरायचा, कॅन उलटा धरून. खालचा व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवायचा, नाहीतर गळतो. आणि गॉगलशिवाय हात लावायचा नाही."

"पेटीच्या भात्यासारखंच की," काका म्हणाले. "हवा गेली की सूर गेला."

गोळ्या प्लॅस्टिकच्या, नळीचं टोक नारिंगी. एअरसॉफ्ट म्हणजे सगळी लुटुपुटूची लढाई. काकांची मात्र खरी होती.

कोकणातल्या त्यांच्या गावी, रामाच्या देवळात, चाळीस वर्षं ते कीर्तनाला पेटीची साथ करत आले. दोन वर्षांपूर्वी देवळाच्याच पायरीवरून घसरले आणि पाय मोडला. प्रसाद धावत गेला आणि आईवडिलांना मिनेसोटात, ईडन प्रेरीला घेऊन आला. पाय बरा झाला. परत जायचा विषय काढला की प्रसाद उठून जायचा.

एकदा जेवताना तो वैतागून म्हणाला, "बाबा, एका गेममध्ये मला गोळी मारून दाखवा. त्याच दिवशी तिकिटं काढतो."

"शब्द?"

"शब्द!" प्रसाद हसत म्हणाला. आठ वर्षं खेळत होता तो.

काकांना भांडून निघता आलं असतं. पण मुलाच्या मनाविरुद्ध गेलो तर तिथे पेटीवर बोटं चालायची नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. 'हो' मिळवूनच जायचं होतं.

तळघरात कागदी प्लेट टांगून सराव सुरू झाला. रोज सकाळी पूजा, मग शंभर गोळ्या.

"सुईत दोरा ओवता येत नाही आणि नेम धरतायत," गिरिजाकाकू जिन्यावरून म्हणायच्या.

"सुई मला मारायची नाहीये."

"मुलाला मारायचंय. वा! मोठी भर पडली पुण्यात."

पहिल्या आठवड्यात भिंतीला टिकल्याच टिकल्या. पाचव्या आठवड्यात दहातल्या आठ गोळ्या प्लेटमध्ये. नेत्रा येऊन त्यांची उभं राहायची पद्धत सुधारायची, नियम शिकवायची.

"आपल्याकडे अंपायर नसतो, काका. गोळी लागली की ज्याला लागली त्यानेच हात वर करून 'हिट' म्हणायचं आणि बाहेर जायचं. कुणी बघो न बघो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"प्रसादसमोर? विसरा. टीममधल्या सिद्धेशने मागे एकदा लागून न लागल्यासारखं केलं, तर प्रसाद अजून त्याच्याशी बोलत नाही, यार. लागलं तर लागलं, नाही तर नाही. फार कडक आहे तो."

काका खूश झाले. "आमच्याच घरचा आहे."

खंडेनवमी आली. काकूंनी पाटावर घरातली हत्यारं मांडली: विळी, प्रसादचा लॅपटॉप, काकांची पेटी आणि पिस्तूल. मॅगझिन वेगळं काढून आडवं ठेवलं होतं. काकूंनी मनापासून पूजा केली. फुलाने पाणी शिंपडलं आणि सगळ्यांवर चिमटी चिमटी हळद-कुंकू वाहिलं. मॅगझिनला अंमळ जास्तच.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दसरा. मैदानावर गवत दवाने ओलं, हवा बोचरी. काकांनी गॅस भरून मॅगझिन ऊब राहावी म्हणून जाकिटाच्या आत पोटाशी धरलं होतं. नेत्रा म्हणाली, "काका, आज शेवटचा गेम बरं का. यानंतर मैदान थेट मे महिन्यात उघडणार."

म्हणजे आज, नाहीतर अख्खा हिवाळा.

काका पळाले नाहीत. लाकडी फळ्यांच्या आडोशाने, पाय सांभाळत, एकेक पाऊल पुढे सरकत राहिले. डावीकडे ओरडा, उजवीकडे गोळ्यांची टपटप. विसाव्या मिनिटाला रिकाम्या पिंपांच्या मागे त्यांना प्रसादची पाठ दिसली. दहा पावलांवर. एकटा.

काकांनी मॅगझिन चढवलं. रामाचं नाव घेतलं. दोन्ही हात स्थिर.

"प्रसाद."

पाठीत मारायची नव्हती. प्रसाद वळला. बंदूक अर्धी वर आली आणि थांबली.

काकांनी चाप ओढला.

टक्.

पुन्हा ओढला. टक्. मुठीखालून बारीक फुस्स आवाज येत होता. व्हॉल्व्हच्या कडेला कालच्या पूजेचं कुंकू चिकटलं होतं, आणि जवळजवळ सगळा गॅस हवेत निघून गेला होता. काकांनी तिसऱ्यांदा चाप ओढला. मग पिस्तूल खाली घेतलं. गॉगलच्या आत त्यांचे डोळे भरून आले.

प्रसाद बघत होता. आवाज त्यानेही ऐकला होता. बंदूक त्याच्या हातात होती, भरलेली.

त्याने ती खाली केली, उजवा हात उंच वर उचलला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "हिट!"

संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा, मायबाप हो, त्या खोटं बोललेल्या मुलाची आठवण ठेवा.