एकही दंड नसलेला ड्रायव्हर

विमा कंपनीच्या त्या पत्राला आप्पांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. ‘तुमच्या गाडीला वेगाचे आणि सिग्नल तोडल्याचे बरेच दंड झाले आहेत, गाडी नक्की कोण चालवतं ते कळवा,’ एवढंच त्यात विचारलं होतं. आप्पा तर वसाहतीच्या फाटकाबाहेर गाडी काढायलाही घाबरत. पण दर वेळी मुलगा म्हणे, “आप्पा, घ्या ना हा दंड तुमच्या नावावर. या वयात तुम्हाला कोण नोकरी देणार आहे?” आणि आप्पा मुकाट्याने सही करत, विम्याचा वाढलेला हप्ताही भरत.

आज मुलगा दारातूनच ओरडत आला. “आप्पा, नोकरी लागली! सोमवारपासून शाळेची बस. साहेब म्हणाले, एकही दंड नसलेला ड्रायव्हर पहिल्यांदाच बघतोय!”

“म्हणजे आमचीच बस?” नातीने टाळ्या पिटल्या. “मी सगळ्यात पुढे बसणार!”

 

अंधार पडायच्या आत आप्पा कोपऱ्यावरच्या टपालपेटीत उत्तर टाकून आले: ‘गाडी मी नाही, माझा मुलगा चालवतो.’ त्याचीच एक प्रत दुसऱ्या पाकिटात होती, शाळेच्या पत्त्यावर.